कडूचा ठसका

१

प्रयोगशाळेतल्या उंदरांचे हरभरे सुमनबाईच्या घरी भिजत. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की ती पितळी पातेल्यात हरभरे टाकायची, वर पाणी ओतायची आणि सवयीनं पातेल्यालाही हात जोडायची. सकाळी फुगलेले हरभरे फडक्यात बांधून तिचा नवरा भुजंग सायकलला अडकवून न्यायचा. परभणी गावाच्या बाहेर, माळावर, लसी तपासणारी एक लहानशी प्रयोगशाळा होती. तिथली जनावरं भुजंग सांभाळायचा. "उंदीरखान्यात चाललो," म्हणून तो निघाला की शेजारची बायनाकाकू भिंतीवरून हटकून विचारायची, "गणपतीची वाहनं रातीला उपाशी तर न्हाई ना झोपली, भुजंगा?"

सुमनबाई हसायची. तिला नेमाधर्माची भारी आवड. त्या वर्षीच्या चातुर्मासात तिनं नेम धरला होता तो असा, की मुक्या जिवाला दुखवायचं नाही आणि दारी आलेल्याला दाणापाणी दिल्याशिवाय घालवायचं नाही.

हे सगळं कडूसाठी होतं. कडू म्हणजे त्यांची सहा वर्षांची लेक. तिच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून ही जन्मली त्याच दिवशी तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, आणि बायनाकाकूनं पसाभर ज्वारी देऊन विकत घेतली. नाव ठेवलं कडू. कडू घास मरण तोंडात घेतं पण थुंकून टाकतं, असं जुन्या बाया सांगत.

श्रावणात त्या कडूला डांग्या खोकला लागला. एकावर एक, एकावर एक ठसके, मधे श्वास घ्यायला फट नाही. ओठ जांभळे पडायचे, डोळे बाहेर यायचे, आणि शेवटी श्वास आत ओढताना कोंबड्यानं बांग द्यावी तसा लांब आवाज निघायचा. दवाखान्याचं औषध चालू होतं, देवीला बोलणं झालं होतं. पण पोरगी खंगतच चालली होती.

"जित्या जिवावर उतारा काढ," बायनाकाकू म्हणाली. "कोंबडं ओवाळ अन् तिकटीवर सोड. मागं वळून मातर बघू नको."

कोंबडं सोडलं तर कुणीतरी कापून खाणार. सुमनबाईच्या नेमात ते बसेना. शेवटी तिनंच नवऱ्याला गळ घातली. "अवो, एका दिसापुरता एक उंदीर आणा की. उद्या जागच्या जागी ठिवा."

भुजंगनं कुरकुर केली, पण आणला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, हातभर पिंजऱ्यात. दिवेलागणीला सुमनबाईनं मीठमिरच्या मुठीत घेतल्या, पिंजरा उचलला आणि कडूवरून ओवाळला. मग ती तीन वाटा मिळतात त्या तिकटीवर गेली. तिथं दगडावर एक मांजर बसलं होतं. पिंजऱ्याचं दार उघडायला हात पुढं केला, तर तो जीव तिच्या बोटाला चिकटून थरथरायला लागला. ती दार उघडू शकली नाही. मीठमिरच्या तेवढ्या टाकल्या, पिंजरा पदराखाली घेतला आणि मागं वळून घरी आली.

दुसऱ्या दिवशी भुजंगनं तो उंदीर त्याच्या गणगोतात सोडून दिला. आणि कडूचा खोकला थांबला. कमी होत होत नाही. दार ओढून घ्यावं तसा एकदम थांबला.

२

कडू अंग धरू लागली. तिला भूक लागायला लागली हे सुमनबाईला सगळ्यात मोठं वाटलं. पूर्वी चार घासांसाठी चार गोष्टी सांगाव्या लागायच्या. आता ती पातेल्याशी बसून भिजलेले हरभरे एकेक उचलायची आणि दोन्ही हातांत धरून सावकाश कुरतडायची.

"कच्चे नको खाऊ, माय. पोट दुखंल," सुमनबाई म्हणायची, पण हरभरे काढून घ्यायची नाही.

बोलणं मात्र कमी झालं होतं. पूर्वीची कडू म्हणजे वाजणारी पत्र्याची डबी. आता मानेनंच हो, मानेनंच नाही. चालतानाही ती आता अंगणातून सरळ जात नसे. भिंतीला खांदा लावून, कडेकडेनं जायची. आजारानं पाय लटपटत असतील, आधार घेत असेल. दुपारी गाढ झोपायची. तिन्हीसांजेला तरतरीत व्हायची. लेकरू थकलंय, भरून येईल, असं सुमनबाई स्वतःला सांगे.

भादव्यातल्या एका दुपारी तिनं कढईत तेल टाकलं आणि वाळल्या मिरच्या सोडल्या. तेल जरा जास्तच तापलं होतं. काळा, तिखट धूर उठला. सुमनबाईला ठसका लागला. भिंतीपलीकडं बायनाकाकू खोकायला लागली. गल्लीतून जाणारा कुणी शिंकत शिंकत शिव्या देत गेला.

"मारतीस का गं आमाला, सुमे!" काकू पदर नाकाला लावून दारात आली. "भाजी हाय का भूत उतरवायलीस?"

सुमनबाई डोळे पुसत हसली. तेवढ्यात तिचं लक्ष चुलीच्या पलीकडं गेलं. कडू तिथं बसली होती. धूर तिच्या तोंडावरून जात होता. ती हरभरा कुरतडत होती. डोळ्यांत पाणी नाही, नाकाला हात नाही, ठसका नाही.

"बग की," काकू कौतुकानं म्हणाली, "माझी पोरगी कशी धीट हाय. तुझी न्हाई गं. पसाभर जवारी मोजलीया मी."

सुमनबाईनं कडूला उचलून बाहेर आणलं. छातीला कान लावला. आत सगळं ठीक होतं. फक्त काळीज फार भराभर चाललं होतं. इतकं भराभर, की वेगवेगळे ठोके ऐकूच येईनात.

धावत नव्हती, घाबरली नव्हती. मग?

आजारातून उठलेल्या लेकराचं चालत असेल तसं, तिनं मनाशी म्हटलं.

३

"आज एक नवल झालं," संध्याकाळी हातपाय धुता धुता भुजंग म्हणाला. "एक उंदीर खोकायलाय."

सुमनबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"भाकरी खायला बसलो अन् आतून आवाज आला. आपल्या कडूचा यायचा तसाच. ठसक्यावर ठसका, अन् मंग ती बांग. म्या घास टाकून पळालो."

"मंग?"

"मंग काय? समदे गप. दिनकरराव साहेब हसायले. म्हणले, भुजंगा, तुझ्या कानात लेकीचा खोकला बसलाय. उंदीर खोकत न्हाईत."

"आज भाकर कवा खाल्ली तुमी?"

"नेहमीच्याच वख्ताला. दुपारी. कामून?"

दुपारी. मिरच्या जळाल्या तेव्हा.

सुमनबाईनं तांब्या खाली ठेवला. ती अडाणी नव्हती, चौथीपर्यंत शिकली होती. उताऱ्यानं खोकला जातो यावर तिचा विश्वास होता आणि नव्हताही. देवाधर्माचं बरंचसं असंच असतं. डांग्या खोकल्याला मुदत असते, मुदत सरली की तो जातो, हे दवाखान्यात सांगितलंच होतं. आणि नवरा दमून येतो. कान वाजत असतील.

तरीपण त्या दिवशी हरभऱ्यांवर पाणी ओतताना तिनं जरा जास्त वेळ हात जोडले.

४

पुढं दोन-चार दिवसांनी भुजंग हरभऱ्याचं फडकं घरीच विसरला. तिला निमित्तच मिळालं. कडूला काकूपाशी ठेवून ती भर उन्हात माळावर गेली.

उंदीरखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडक्यांना जाळी, भुश्याचा आणि मुताचा वास, आणि भिंतीभर फळ्यांवर मांडलेले पिंजरे. आत पांढरी कुजबुज चाललेली. ती दारात उभी राहिली आणि कुजबुज थांबली. नख वाजेना. त्या शेकडो जिवांनी एकदमच श्वास धरला होता, कुणीतरी बोलायची वाट बघत असल्यासारखा.

"या बाई," मागून दिनकरराव आले. प्रयोगशाळेचे डॉक्टर ते. नाकावर चष्मा, बोलणं मऊ. "हरभरे का? तुमच्या हरभऱ्यांनी गुटगुटीत झालेत सगळे."

"साहेब, ह्यांना काय करता तुमी?"

दिनकररावांना विचारलेलं आवडलं. त्यांनी दोन शेजारशेजारचे पिंजरे दाखवले. "या डावीकडच्यांना डांग्या खोकल्याचे जंतू टोचलेत. मारलेले जंतू, जिवंत नाहीत. उजवीकडच्यांना काहीच टोचलेलं नाही. सांगा बरं, काय फरक दिसतो?"

तिनं बघितलं. तेच डोळे, तेच कान, तेच धावणं.

"काईच न्हाई."

"दिसत नाहीच. मजा तीच आहे. गांधीलमाशी चावली की अंगावर गाठ उठते ना? ती ज्या द्रव्यानं उठते त्याला हिस्टामीन म्हणतात. साध्या उंदराला ते भरपूर टोचलं तरी तो चार पावलं लंगडतो आणि खायला लागतो. पण हे जंतू टोचून काही दिवस गेले, की त्याच उंदराला त्यातलं थोडंसं पुरतं. तडफडतो आणि संपतो. बाहेरून धडधाकट, आतून जणू कडी काढून ठेवलेली. नुसता धक्का लागायचा अवकाश."

"कामून होतं तसं?"

"ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. काही आठवड्यांनी उतरतं आपोआप. आणि घाबरू नका, माणसाच्या लेकराला असं होत नाही. हा उंदराचा गुण आहे."

"अन् खोकला?"

"भुजंगानं तुम्हालाही सांगितलं वाटतं!" ते हसले. "उंदराला खोकताच येत नाही, बाई. धूर करा, मिरची उडवा, तो खोकणार नाही."

मिरची उडवा, तो खोकणार नाही. सुमनबाईच्या पायाखालची फरशी गार झाली.

तिनं आवंढा गिळला. तो उन्हात चालून आल्यानं घशातच अडकला आणि तिला साधासा ठसका लागला. खोलीत ती एकदाच खोकली.

आणि डावीकडच्या पिंजऱ्यातून, भुश्याखालून, तिला उत्तर आलं. बारीक, ओलं, एकावर एक. आणि शेवटी लांब ओढलेली बांग.

दिनकररावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "पाइपातली हवा असेल," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "शुक्रवारी हिस्टामीन द्यायचंय यांना."

५

घरी आली तेव्हा कडू झोपली होती. सुमनबाई तिच्याजवळ आडवी झाली. पत्रे तापून कटकट वाजत होते.

पडल्या पडल्या तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पायात काटा असावा आणि नेमका कुठं ते कळू नये, तसं. तिनं उजवा हात हलवला, डावा हलवला. मग तिला कळलं. तिचा पदर मोकळा होता.

कडूला जन्मापासून खोड होती. झोपताना ती आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. आजारात तर पदर सोडून सुमनबाईला पाणी प्यायलाही उठता येत नसे. उतारा काढला त्या दिवसापासून कडूनं पदर धरला नव्हता. मोठी झाली माझी लेक, म्हणून सुमनबाईनं त्याचंही कौतुकच केलं होतं.

तिनं पदराचं टोक कडूच्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत. झोपेतच कडूचं नाक हललं. पदराचा वास घेतला आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

सुमनबाई तशीच उठून भिंतीपाशी गेली. "काकू, वो काकू. उतारा तिकटीवर न सोडता माघारी आणला तर काय होतं?"

पलीकडं काकूचं धान्य निवडणं थांबलं. "कुणी आणला?"

"कुणी न्हाई. आपलं इचारलं."

"उतारा माघारी आणत न्हाईत, बाई," काकू म्हणाली. यावेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "ओवाळलं की काय तरी सुटतं. ते वाटंवरच ऱ्हायला पायजे. घरी आणलं तर ते आपल्या जागेवर जाईल का दुसऱ्याच्या, कुणी सांगावं?"

६

शुक्रवारी सकाळी भुजंग कामाला गेला आणि मागोमाग सुमनबाईनं कडूचं बोट धरलं. रस्ताभर कडू कुंपणाच्या कडेनं चालली. प्रयोगशाळेचं छप्पर दिसलं तशी ती चपळ झाली. वाट तिच्या पायाखालची असावी तशी.

मागच्या खोलीत टेबलाशी काम सुरू झालं होतं. भुजंग उंदीर धरून देत होता, दिनकरराव टोचत होते. टेबलावर एका थाळीत काही पांढरे जीव होते. काही पाय झाडत होते, काही नुसतेच पडलेले. सुमनबाईनं तोंडावर पदर घेतला.

"अगं, तू कामून आलीस? अन् हिला कशापायी आणलीस?" भुजंग दचकला.

"साहेब, पाया पडते. माझा एक उंदीर हाय ह्यांच्यात. तेवढा द्या."

"तुमचा?" दिनकररावांनी सुई खाली ठेवली.

"ह्यांनी एका दिसासाठी घरी आणला हुता. लेकीवरून ओवाळला म्या."

भुजंगनं मान खाली घातली. दिनकरराव रागावतील असं वाटलं होतं, ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा दोन दिवसांत उतरला होता. "आणि एवढ्यांतून ओळखणार कसा?"

सुमनबाई कडूपुढं गुडघ्यांवर बसली. तिचे खांदे धरले. "खोक गं, माझी माय. एकडाव खोक."

कडूनं तिच्याकडं बघितलं. पापणी हलली नाही. आईनं सांगितलं म्हणून तिनं तोंड उघडलं. पुढचे दोन दात दिसले. घसा हलला नाही. आवाज नाही, श्वास नाही.

आणि खोलीच्या कोपऱ्यातून, वेगळ्या ठेवलेल्या एका पिंजऱ्यातून, खोकला आला. ठसक्यावर ठसका, ठसक्यावर ठसका, मधे फट नाही. भुजंगच्या हातातला उंदीर सुटून टेबलाखाली पळाला. मग ती बांग. ती ऐकून भुजंग, ज्यानं लेकीचे ठसके मोजत कित्येकदा त्या बांगेची वाट पाहिली होती, सवयीनं कडूची पाठ चोळायला वळला.

कडूनं तोंड मिटलं.

"तो मी कालच वेगळा काढला," दिनकरराव म्हणाले. "आजारी जनावर मोजणीत धरत नाहीत. संपवायचाच होता." त्यांनी स्वतः पिंजरा उचलून तिच्या हातात दिला. दुसरं कुणी उचलू नये असं त्यांना वाटत असावं. "बाई, याला जंतू टोचलेले आहेत. अजून काही आठवडे याला जपा. गारवा लागू देऊ नका, दचकवू नका, माशी-मुंगी चावू देऊ नका. दुसऱ्याला जे काहीच करत नाही, त्यानं हा जाईल."

त्यांनी कडूकडं बघायचं टाळलं.

७

सुमनबाईनं ठरवलं होतं, की दिवेलागणीला ओवाळणी उलटी करायची. पिंजरा त्या वेळी उजवीकडून फिरवला होता, आज डावीकडून फिरवायचा. गेलेलं माघारी येईल. खोकला आला तरी चालेल. देवीपुढं बसून ती दुपारभर तेच मागत होती, जे घालवायला तिनं नवस केला होता: पोरीला खोकू दे, माय. मी रातदिस मांडीवर घेऊन बसीन, पण तिला खोकू दे.

भुजंग ओट्यावर बसून होता. आत यायला त्याचे पाय तयार नव्हते.

तिनं दिवा लावला. पिंजरा देवापाशी, पाटावर ठेवला होता. खाटेवर कडू जागी झाली होती, संध्याकाळची तरतरीत. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले, ओले केले आणि कानामागून नाकापर्यंत भराभर फिरवले. परत ओले केले, परत फिरवले. सुमनबाईनं नजर वळवली आणि मीठमिरच्या घ्यायला उठली.

उठता येईना. पदर कशाला तरी अडकला होता.

तिनं मागं बघितलं. पिंजऱ्याच्या तारेतून पदराचं टोक आत ओढलं गेलं होतं. त्या पांढऱ्या जिवानं ते इवल्याशा पंजाला गुंडाळलं होतं. त्यानं ते सोडलं. परत गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं.

सुमनबाई होती तशी खाली बसली. पदर सोडवून घ्यायचा तिला धीर झाला नाही. एक हिसका बसला तरी... नुसता धक्का लागायचा अवकाश, असं साहेब म्हणाले होते. आणि ओवाळायला पिंजरा उचलायचा तर तो गदगदा हलणार. आज नको, तिनं ठरवलं. काही आठवड्यांनी उतरतं म्हणाले ना? तेवढे दिवस जपायचं. चातुर्मास अजून आहे. देव निजले असले तरी देवी जागी आहे.

भिंतीपलीकडं चुलीवर कढई ठेवल्याचा आवाज आला. तेल चुरचुरलं. बायनाकाकूनं मिरच्या सोडल्या.

धूर भिंतीवरून हळूहळू आत उतरायला लागला. ओट्यावर भुजंगला ठसका लागला. खाटेवर हरभरा कुरतडल्याचा आवाज चालू होता, तो तसाच चालू राहिला.

सुमनबाईनं डोक्यावरचा पदर ओढला, उरलेला सगळा, आणि श्वास रोखून, हवासुद्धा हलू नये इतक्या हळूच पिंजऱ्यावर पसरला. वरून दोन्ही हातांची ओंजळ धरली. खाटेकडं तिनं बघितलं नाही. कुणीतरी तिकडून आपल्याकडं एकटक बघत आहे, हे तिला न बघताही कळत होतं.

"माय," ती देवीला म्हणाली, "माझ्या कडूला जप. कडू कोणची, ते तुला ठाऊक हाय."